'येतोय, येतोय' म्हणणारा फोन अडतो कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. दादा टेक्ससमध्ये नोकरीला आहे. त्याला हवा असलेला फोन जाहीर होऊन दोन महिने झाले, दुसऱ्या देशांत तो विकलाही जातोय, पण दादाची सिमकंपनी 'लवकरच' यापलीकडे काही बोलत नाही. नेटवर कुणी म्हणतं जुना माल खपवायचाय, कुणी म्हणतं नेटवर्कला झेपत नाही, कुणी म्हणतं फोन बनवणाऱ्याशी भांडण झालंय. "काका, तुम्ही नवी पेठेत वीस वर्षं फोनच विकताय. यातलं खरं काय असतं? आणि आपल्याकडे सोलापुरात असं का होत नाही?"

शेवटचं वाक्य वाचून हसू आलं. तुझ्या पिढीने फोन वेगळा आणि सिम वेगळं हेच पाहिलंय. फोन कुठूनही घ्यायचा, सिम कुठलंही टाकायचं, पटलं नाही तर आठवड्यात पोर्ट करायचं. फोन आणि सिम एकाच हाताने विकले गेले की काय होतं, ते मी सीडीएमएच्या, म्हणजे फोनच नेटवर्कला बांधलेल्या जुन्या तंत्राच्या जमान्यात भोगलंय. अमेरिकेत तो प्रकार मोठ्या प्रमाणावर अजून चालू आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फोन अडण्याचं जे कारण कंपनी सांगते, ते बहुतेक वेळा खरं असतं. खोटं नसतं. पण ते कारण दूर करायची घाई कुणालाच नसते, आणि घाई का नाही ते कंपनी सांगत नाही. नेटवरचे लोक कारणावर भांडतात. दुकानदार घाई कुणाला आहे ते बघतो.

हे मी कुठे शिकलो ते ऐक. दुकान टाकून दोनेक वर्षं झाली होती. एका कंपनीची डीलरशिप घेतली होती, नाव घेत नाही. त्यांचे फोन त्यांच्याच नेटवर्कवर चालायचे, आत सिमच नसायचं, त्यामुळे कंपनी देईल तो फोन विकायचा. दिवाळीच्या तीन आठवडे आधी एरिया मॅनेजर डेमो पीस घेऊन आला. फ्लिपचा फोन, रंगीत स्क्रीन, उघडताना 'टक्' असा नामी आवाज. काउंटरवर ठेवला तर चहावाला पोरगा सुद्धा दहा वेळा उघडून गेला. मी खूश. लूमवाले, विडीचे ठेकेदार, शाळामास्तर, मिळून तीसेक गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं की थांबा, दिवाळीला देतो. एरिया मॅनेजरने निघताना हळूच सांगितलं, "तोपर्यंत जुन्या मॉडेलचे चाळीस पीस उचला, टार्गेट लागलंय." उचलले.

दिवाळी आली. फोन आला नाही. रोज फोन करावा तर एकच उत्तर, "टेस्टिंग चालू आहे." गिऱ्हाईक रोज दारात, "आला का ओ फोन?" मग कंटाळून निम्म्या लोकांनी जुनंच मॉडेल घेतलं. तुळशीचं लग्न झालं आणि नवा फोन आला. त्याच दिवशी जुन्याची किंमत उतरली. माझ्या काचेच्या कपाटात जुने बावीस पीस तसेच. प्राइस ड्रॉपची क्रेडिट नोट, म्हणजे उतरलेल्या किमतीची भरपाई, मागितली तर म्हणाले, शेवटच्या पंधरा दिवसांत उचललेल्या मालालाच मिळते. माझा माल उचलून महिना उलटला होता.

मी वर्षभर सगळ्यांना सांगत फिरलो की टेस्टिंग वगैरे थापा, जुना माल आमच्या गळ्यात मारायचा होता. पुढे त्याच कंपनीतून बाहेर पडलेला एक इंजिनीअर पार्क चौकात भेळ खाताना भेटला. त्याने सांगितलं की टेस्टिंग खरंच चालू होतं. सिग्नल कमकुवत झाला की तो फोन टॉवर शोधत बसायचा आणि दुपारपर्यंत बॅटरी झोपायची. मी विचारलं, मग दुरुस्त करायला किती दिवस लागले? म्हणाला, "सॉफ्टवेअर दहा दिवसांत आलं. कागदावर सही व्हायला पाच आठवडे." सही करणाऱ्याला माहीत होतं की राज्यभर डीलरांकडे जुना माल पडून आहे आणि दिवाळीची गर्दी तो माल खपवून देणार आहे. त्याने काही लपवलं नाही, कुणाला फसवलं नाही. फक्त फाइल रांगेत राहू दिली.

आता अमेरिकेकडे ये. तर्कवितर्कांचा सगळ्यात मोठा धुरळा ज्या फोनवरून उडाला तो म्हणजे २०११ चा गॅलेक्सी नेक्सस. बनवला सॅमसंगने, सॉफ्टवेअर गूगलचं, आणि अमेरिकेत विकणार व्हेरायझन ही तिथली मोठी सिमकंपनी. तो ११ ऑक्टोबरला जाहीर व्हायचा होता, पण ५ तारखेला स्टीव्ह जॉब्स गेले आणि कार्यक्रम पुढे ढकलला. १९ ऑक्टोबरला हाँगकाँगमध्ये जाहीर झाला. १७ नोव्हेंबरला ब्रिटनमध्ये विक्रीला आला. व्हेरायझनकडे यायला १५ डिसेंबर उजाडला. मधल्या चार आठवड्यांत लोकांनी काय काय तारखा काढल्या! आज येणार, परवा येणार, अमक्या दुकानाच्या संगणकावर तारीख दिसली, तमक्या सेल्समनची सुट्टी रद्द झाली. आपल्याकडे पावसाची वाट बघतात तसं.

त्या वेळी तीन कारणं फिरत होती, तीच तीन कारणं आज तुझ्या दादाच्या फोनबद्दल फिरतायत. म्हणून ती नीट बघू.

पहिलं भांडणाचं. त्या फोनमध्ये एनएफसीची चिप होती आणि गूगल वॉलेट नुकतंच सुरू झालं होतं. फोन मशीनला टेकवायचा, पैसे गेले. त्याच वेळी व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल या सिमकंपन्यांनी मिळून पैसे देण्याची आपली वेगळी कंपनी काढलेली होती, तिचं नाव आयसिस. (पुढे त्या नावाची दहशतवादी संघटना जगभर गाजली आणि २०१४ मध्ये बिचाऱ्यांना नाव बदलून सॉफ्टकार्ड करावं लागलं. बारसं करताना इतका पुढचा विचार कोण करतो!) डिसेंबरच्या सुरुवातीला उघड झालं की व्हेरायझनच्या फोनमध्ये गूगल वॉलेट नसणार. व्हेरायझनचं म्हणणं, आम्ही अडवत नाही, पण हे साधं ॲप नाही, फोनमधल्या सुरक्षित चिपमध्ये त्याला जागा लागते, आणि ती बोलणी चालू आहेत. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबरच होतं. वॉलेटला फोनमधल्या वेगळ्या सुरक्षित भागात किल्ली ठेवावी लागायची. पण त्या भागाचं कुलूप कुणाच्या ताब्यात राहणार हा वाद तांत्रिक नव्हता, धंद्याचा होता. शेवटी फोन आला, वॉलेटशिवाय आला.

दुसरं जुन्या मालाचं. हे समजायला दुकानदारच पाहिजे. ११ नोव्हेंबरला व्हेरायझनने मोटोरोलाचा ड्रॉइड रेझर आणला, १४ नोव्हेंबरला एचटीसीचा रेझाउंड. दोन्ही २९९.९९ डॉलरला, दोन वर्षांच्या करारावर. नेक्ससही आला तो २९९.९९ ला. एकाच किमतीचे तीन फोन पाच आठवड्यांत एकाच काउंटरवर! 'ड्रॉइड' या नावावर तर व्हेरायझनने स्वतः जाहिरातीचा पैसा ओतलेला. नेक्सस गूगलचा, त्यात सिमकंपनीचा शिक्का कमी, फायदा कमी. आपल्याकडे गड्ड्याच्या जत्रेआधी नव्या डिझाइनची चादर बाहेर काढायची की आधी जुने गठ्ठे संपवायचे, हा हिशोब चाटी गल्लीतला कुठलाही व्यापारी झोपेतसुद्धा करेल. व्हेरायझनमध्ये कुणी असं ठरवलं असा कागद काही माझ्यासमोर नाही. पण थँक्सगिव्हिंगची, म्हणजे तिकडच्या नोव्हेंबरअखेरच्या सणाची गर्दी रेझर आणि रेझाउंडच्या वाट्याला गेली, हे तारखाच सांगतात.

तिसरं नेटवर्कचं, आणि इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण याकडे लोक 'थाप' म्हणून दुर्लक्ष करतात आणि खरी मजा इथेच आहे.

ब्रिटनमध्ये विकला गेलेला नेक्सस आणि व्हेरायझनचा नेक्सस दिसायला भाऊ, पण आतून दोन वेगळे फोन. ब्रिटनच्या फोनला १७५० एमएएचची बॅटरी, अमेरिकेच्या ४जीवाल्याला १८५०, आणि तो थोडा जाडही. का? तर व्हेरायझनचं ४जी तेव्हा फक्त डेटासाठी होतं. बोलणं चालायचं जुन्या सीडीएमएवर. म्हणजे फोनच्या पोटात दोन रेडिओ एकाच वेळी जागे. तू इथून तुळजापूरच्या रस्त्याला लागलास की तुझा फोन एका टॉवरचा हात सोडून दुसऱ्याचा धरतो, तसं त्या फोनला ४जीचा हात सोडून ३जीचा धरायचा, परत ४जी आलं की उलटं करायचं, आणि हे करताना चालू कॉल तुटू द्यायचा नाही. यात जरा चुकलं की नेट अडकतं, नाहीतर बॅटरी उडते. माझ्या 'टक्' वाजणाऱ्या फोनचा रोगसुद्धा याच कुळातला.

त्यात आणखी एक गंमत. व्हेरायझनच्या ४जीच्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यात फोन टॉवरकडे बोलतो ते ७७७ ते ७८७ मेगाहर्ट्झवर. कुठलाही ट्रान्समीटर आपल्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीवर थोडी कुरकुर करतोच. याची दुप्पट कर: १५५४ ते १५७४. आणि जीपीएसचा उपग्रह बोलतो १५७५.४२ वर. अगदी शेजारी, भिंतीला भिंत लागून. उपग्रहाचा आवाज इतका क्षीण असतो की विचारू नकोस, आणि इकडे त्याच फोनमध्ये बोटभर अंतरावर ट्रान्समीटर कुरकुरतोय. मागच्या खोलीत लूम चालू असताना पुढच्या खोलीत बसून कुणाची कुजबुज ऐकण्यातला प्रकार. म्हणून अशा फोनमध्ये फिल्टर, अँटेनाची जागा, सगळं वेगळं बसवावं लागतं आणि ते नीट बसलंय का हे त्या कंपनीच्या लॅबमध्येच कळतं. एका त्रुटीसाठी सॉफ्टवेअर बदललं की आधी पास झालेल्या तपासण्याही पुन्हा कराव्या लागतात. त्यामुळे 'टेस्टिंग चालू आहे' यावर मी आता हसत नाही.

घाईने विकलं तर काय होतं तेही त्याच फोनने दाखवलं. ब्रिटनमध्ये लोकांनी घेतला आणि काहींचा आवाज आपोआप खालीवर व्हायला लागला. ९०० मेगाहर्ट्झवरचं २जी जवळपास असलं की फोनला वाटायचं कुणीतरी आवाजाचं बटण दाबतंय. गूगलला सॉफ्टवेअर बदलून द्यावं लागलं. असा पीस माझ्या काउंटरवर आला असता तर गिऱ्हाइकाने माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या आणि मी बटणाची पट्टी बदलून बदलून मेलो असतो.

आणि कधी कधी फोनचा दोषच नसतो. एप्रिल २०११ मध्ये व्हेरायझन सॅमसंगचा ड्रॉइड चार्ज आणणार होती. आदल्या दिवशी त्यांचं ४जी नेटवर्कच देशभर बसलं. ४जीचा फोन, त्याचं उद्घाटन, आणि ४जीच बंद! लग्नाच्या दिवशी नवरदेवाची घोडी लंगडावी तसं. फोन मे महिन्यावर गेला.

पण घाई नसणारा नेहमी सिमकंपनीवालाच असतो असंही नाही. २०१३ मध्ये गूगलच्या नेक्सस ७ टॅबलेटची ४जी आवृत्ती आली. लोकांनी विकत घेतली, व्हेरायझनकडे गेले, तर ते म्हणाले मंजुरी नाही, सुरू करून देणार नाही. खरं तर व्हेरायझनने तो ४जी पट्टा लिलावात घेतला तेव्हा अटच होती की कुठलंही योग्य उपकरण त्यावर चालू द्यायचं. नियामकाकडे तक्रार गेली. व्हेरायझनने उत्तर दिलं की तपासणीत सॉफ्टवेअरचा दोष सापडला, आणि नवं अँड्रॉइड येतच होतं म्हणून गूगल आणि टॅबलेट बनवणारी आसूस यांनीच सांगितलं, जुन्यावर मेहनत नको, नवं येईपर्यंत तपासणी थांबवा. मंजुरी मिळाली फेब्रुवारी २०१४ मध्ये. दोष खरा, आणि या वेळी 'राहू दे, पुढच्या महिन्यात बघू' म्हणणारे फोन बनवणारे होते. गिऱ्हाईक दोघांच्या मध्ये.

हे सगळं घडायचं मूळ कारण पैशाच्या वाटेत आहे. नेक्ससच्या काळात अमेरिकेत ३०० डॉलरला मिळणाऱ्या फोनची खरी किंमत त्याच्या दुपटीला पोचायची. वरची रक्कम सिमकंपनी भरायची आणि दोन वर्षांच्या बिलातून काढायची. म्हणजे फोन बनवणाऱ्याचं गिऱ्हाईक तू नाहीस, सिमकंपनी आहे. गिऱ्हाईक म्हणेल तेव्हा माल येणार, तो म्हणेल ते ॲप असणार. आयफोन २००७ मध्ये आला तो एकट्या एटी अँड टीकडे. व्हेरायझनवाल्यांनी साडेतीन वर्षं अंदाज बांधले, तेव्हा कुठे १० फेब्रुवारी २०११ ला त्यांच्याकडे आला.

आता आपल्याकडे बघ. २००८ च्या जुलैमध्ये आयफोन ३जी अमेरिकेत १९९ डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या साडेआठ हजारांच्या आसपास, करारावर मिळायला लागला. २२ ऑगस्टला भारतात एअरटेल आणि व्होडाफोनने आणला तो ८ जीबीचा ३१,००० ला. लोक चिडले, लुटतात म्हणाले. लूट वगैरे नव्हती. आपल्याकडे जवळजवळ सगळे प्रीपेडवाले. दोन वर्षं कराराने बांधायचं कुणाला? पन्नास रुपयांचं सिम बदलून माणूस उद्या दुसऱ्या कंपनीत जाईल, मग फोनचे पैसे कुणाकडून वसूल करणार? म्हणून पूर्ण किंमत लावली.

वाट मात्र आपणही पाहिली. आयफोन ४ अमेरिकेत जून २०१० मध्ये आला, भारतात एअरटेल आणि एअरसेलकडे २७ मे २०११ ला. अकरा महिने! तोवर दुबईहून, सिंगापूरहून आणलेले पीस माझ्याकडे यायचे. त्याला मायक्रोसिम लागायचं आणि इथे तर कुणाकडे मायक्रोसिम नाही. मी मुंबईहून सिम कटर आणला होता, स्टेपलरसारखा. मोठं सिम त्यात नीट सरकवायचं, श्वास रोखायचा आणि दाबायचं. बाजूला पडलेला प्लास्टिकचा तुकडा गिऱ्हाईक खिशात घालून न्यायचं, उगाच. आणि मग ४एस मात्र ऑक्टोबरला अमेरिकेत, २५ नोव्हेंबरला भारतात. मधल्या काळात इथे खासगी कंपन्यांचं ३जी सुरू झालं होतं. अकरा महिन्यांचे सहा आठवडे झाले, कारण आता घाई करण्यात सिमकंपन्यांचा फायदा होता.

आपल्या देशात सिमकंपनीने स्वतःचा फोन लांबवला, याचं अलीकडचं उदाहरण जिओफोन नेक्स्ट. २४ जून २०२१ ला जाहीर, १० सप्टेंबरला म्हणजे गणेश चतुर्थीला मिळणार म्हणून घोषणा. सोलापुरात गणपतीची खरेदी म्हटल्यावर दुकानात विचारणा सुरू झाली होती. ऐन वेळी कळलं, दिवाळीपर्यंत थांबा. कंपनीने सांगितलं की चाचण्या चालू आहेत आणि वाढीव वेळेचा जगभरच्या चिपच्या टंचाईत उपयोग होईल. लोकांनी लगेच पतंग उडवले: फोन फसला, गूगलशी फिसकटलं, किंमत बसेना. यातलं टंचाईचं कारण मला तेव्हाच पटलं होतं, कारण माझ्याकडे इतर कंपन्यांचे स्वस्त फोनसुद्धा येत नव्हते. दहा हजारांच्या आतला माल मागितला की डिस्ट्रिब्युटर म्हणायचा, "पाच मागितलेत, दोन घ्या." चिप कमी असली की कारखाना आधी महागड्या फोनला देतो, तिथे नफा आहे. स्वस्त फोन शेवटी. ४ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, तो आला ६,४९९ रुपयांना, नाहीतर १,९९९ आधी भरून बाकी हप्त्यांवर. किमतीबद्दलचा पतंग मात्र अगदीच हवेतला नव्हता. जूनमध्ये 'अतिशय परवडणारा' ऐकून लोकांनी तीनचार हजारांची आशा धरली होती.

अंदाज बांधायचाच असेल तर कुठल्या खुणा धरायच्या आणि कुठल्या सोडायच्या ते सांगतो. कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास बाजारात आले म्हणजे फोन येणार, असं समजू नकोस. चीनमधल्या कव्हरवाल्यांना मापं फार आधी मिळतात. माझ्याकडे एका फोनचे कव्हर फोनच्या दीड महिना आधी आले होते आणि आणखी एका फोनचे आले ते आजतागायत पडून आहेत, तो फोन इकडे आलाच नाही. आपल्या बीआयएसच्या किंवा अमेरिकेच्या एफसीसीच्या, म्हणजे यंत्रांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थांच्या यादीत नाव दिसलं म्हणजे यंत्र कायद्यात बसलं एवढंच. तारखेशी त्याचा संबंध नाही. दुकानातल्या संगणकावर दिसलेली तारीख बहुतेक वेळा कुणीतरी रिकामी चौकट भरायची म्हणून भरलेली असते.

मी तीन गोष्टी बघतो. त्याच कंपनीच्या काउंटरवर त्याच किमतीचा दुसरा फोन महिन्याभरात आलाय का? आला असेल तर तुझा फोन सणानंतर. जुन्या मॉडेलवर अचानक मोठी सूट लागली का? लागली तर नवा दाराशी आला. आणि बाहेर विकल्या गेलेल्या फोनला आठवड्याआठवड्याला सॉफ्टवेअर अपडेट येतायत का? येत असतील तर खरंच काहीतरी दुरुस्त चाललंय, तक्रार करू नकोस, थांबलेला फायद्यात राहील.

फोन हातात असूनही सिमकंपनीची मंजुरी अडू शकते, हेही लक्षात ठेव. २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा ४जी फोनवर नेट धावायचं पण कॉल लागायचा नाही, कारण फोनमध्ये व्होल्टी, म्हणजे ४जीवरून बोलायची सोय, नाही आणि जिओला २जी-३जीच नाही. मग वेगळं ॲप टाकून द्यावं लागायचं. जिओ ४जी व्हॉइस माझ्या पोऱ्याने दिवसाला पन्नास फोनमध्ये टाकलंय. २०२२ च्या शेवटी पुण्यात ५जी आलं. हुतात्मा एक्सप्रेसने शनिवार-रविवारी घरी येणारी हिंजवडीची पोरं आयफोन घेऊन विचारायची, मित्राच्या पंधरा हजारांच्या फोनला ५जी दिसतं, माझ्या लाखाच्या फोनला का नाही? यंत्र तयार होतं, नेटवर्क तयार होतं. सिमकंपन्यांबरोबरच्या चाचण्या आटोपून ॲपलने १३ डिसेंबरला आयओएस १६.२ हे नवं सॉफ्टवेअर दिलं, आणि त्याच फोनमध्ये ५जी दिसायला लागलं. एका अपडेटचा खेळ.

आता दादाचं काय करायचं. अमेरिकेतही आता फोन बनवणाऱ्याकडून थेट, कुलूप नसलेला फोन मिळतो. सिमकंपनीची वाट बघायची गरज नाही. पण घेण्याआधी मॉडेल नंबर बघायला सांग. नावावर जाऊ नको म्हणावं. एकाच नावाचे अमेरिकेचे, युरोपचे आणि भारताचे फोन पट्ट्यांमध्ये वेगळे असतात. मग त्या फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळख नंबर, आपल्या सिमकंपनीच्या साइटवर टाकून बघायला सांग, चालतो म्हणतंय का ते. आणि "मी इकडून फोन घेऊन पाठवतो" हा विचार तुझ्या डोक्यात आला असेल तर थांब. एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी बंद केलं तेव्हापासून कॉल व्होल्टीवरच चालतो, आणि यादीत नसलेला फोन, भले कितीही महाग असो, तिथे कॉलसाठी घेत नाहीत. व्हेरायझनचंही मंजूर फोनांच्या बाबतीत कडकच आहे.

सिमकंपनीकडूनच घ्यायचा असेल तर आता तिकडे ३६ महिन्यांचे हप्ते आणि त्यावर दर महिन्याला बिलात सूट, असा प्रकार चालतो. मध्येच सोडलं की राहिलेली सूट गेली. त्यामुळे काउंटरवरचा माणूस "तो यायचाय हो अजून, तोवर हा घ्या, ऑफर आजच्या दिवस आहे" असं म्हणाला, तर दादाला सांग, हे वाक्य मी स्वतः एका दिवाळीत पंधरा लोकांना म्हटलंय. त्यातले चौघे त्यानंतर माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत.